खडूची गोळी

३ मार्च

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

घरातली पहिली पदवीधर, म्हणजे मी, आता मनोविकार विभागात दारू सोडवण्याच्या औषधावर संशोधन करते आहे. अर्ध्या रुग्णांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खडूची. कोणाला कोणती, हे वर्षभर आम्हालाही कळत नाही. दादाचं नाव मुद्दाम सहकाऱ्याच्या यादीत घातलं, वशिला नको. माझ्यासाठी शाळा सोडून त्याने लेथ मशीन धरलं, ते मी विसरलेले नाही.

लोभ असावा, आणि गोळी चुकवू देऊ नये.
धाकटी

२० नोव्हेंबर

चि. वन्संना अनेक आशीर्वाद.

आठ महिने हे थेंबालाही शिवलेले नाहीत. आपली गोळी खरीच, कडूजहर लागते, असं छातीठोक सांगतात. हात थरथरत नाही म्हणून मालकाने पुन्हा बारीक काम दिलंय. परवा यांनी लेकीच्या वेण्या घातल्या, एक वर एक खाली. ती तशीच ऐटीत शाळेत गेली.

असाच लोभ राहू द्या.
वहिनी

८ एप्रिल

ती. दादास शि. सा. न.

वर्ष संपलं, कोणाला कोणती गोळी होती ती यादी उघडली. वहिनीला आधी कळवलं, तर तिने तुला सांगू नका म्हणून हातापाया पडून लिहिलं. पण खोटं बोलले म्हणून माझा कान तूच पिळला होतास ना? दादा, तुझी गोळी खडूची होती. म्हणजे दारू तू स्वतःच्या बळावर सोडलीस! मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! सोबतचा संशोधनाचा फॉर्म भरून पाठव.

लोभ आहेच, तो वाढावा.
धाकटी

२ मे

चि. वन्संना आशीर्वाद.

यांनी पत्र दोनदा वाचलं. 'म्हणजे वर्षभर मला कोणी धरलंच नव्हतं,' एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले. आता गुत्त्यात पत्र वाचून दाखवतात. डॉक्टर बहिणीचा दाखला आहे, मला औषध दिलंच नव्हतं, म्हणतात. लोक हसतात. सोमवारी लेथवर यांची दोन बोटं गेली. लेक वेण्या स्वतःच घालते.

फॉर्म मीच भरला. 'उपचार कधी सुटला' इथे तुमच्या पत्राची तारीख घातली. 'कारण' या रकान्यात जागा पुरेना, म्हणून हे शुद्धीत नसताना खिशातलं पत्र काढून तेच टाचलंय.

लोभ आहे असं समजून राहा. नुसत्या समजुतीवर माणूस वर्षभर तरतो, हे तुम्हीच सिद्ध केलंत.
वहिनी