कोंडाजीमामांची शीर

औंढे, ता. ३ मार्च १९३६

ती. शालूअक्का हिस धाकट्या सोपानचा दंडवत.

कॉलेज सोडलं म्हणून तू अबोला धरलास. तरी दवाखान्यात नर्स आहेस, म्हणून तुलाच लिहितो. माझ्या मनात भरलेल्या मुक्ताचे वडील कोंडाजीमामा लोणावळा स्टेशनात सांधेवाले, गाड्यांचे रूळ बदलायला बारा-बारा तास उभे. त्यांच्या डाव्या पोटरीवर निळ्या दोरीची वेटोळी उठली आहेत, घोट्याशी जखम. गाव म्हणतं, नारू, कातडीखालचा लांब जंत. काल नारू काढणारा सुई तापवून बसला. नारूचं तोंड कुठंच दिसेना, तरी तो टोचायला निघाला, माझं डोकं फिरलं. त्याची जंत गुंडाळायची काडी मोडली अन् त्याला ओढ्यापर्यंत हाकलला. मामा मलाच म्हणाले, "पुन्यांदा माज्या दारात पाय ठिवू नगंस." मुक्ता आत रडत होती. तो माणूस सोमवारी परत येणार आहे. काय करू?

रागाव, पण उत्तर धाड.
तुझा सोपान

तळेगाव, ता. ५ मार्च

चि. सोपान यास आशीर्वाद.

अबोला मोडते. तो नारू नव्हे, फुगलेली शीर दिसते. मामांना निजवून पाय उंच कर. शीर बसेल, नारू बसत नाही. सुई लागली तर रक्ताची चिळकांडी उडेल. तसं झालंच तर पाय उंच धरून बोटानं दाबून ठेव. उभ्यानं राबणाऱ्यांत हे घरोघरी आहे: शिपाई, परीट, मास्तर. माझ्याही पोटऱ्यांवर आहे, कधी बोलले नाही. पट्ट्या पाठवते. पहाटे अंथरुणातच, पावलापासून गुडघ्यापर्यंत बांधायच्या. आधी माफी माग, शहाणपणा मागून.

जिवाला जप, जिभेलाही.
अक्का

औंढे, ता. १० मे

ती. अक्कास दंडवत.

त्या सोमवारीच मामांचे पाय धरले. आधी माफीसाठी, मग उंच करायला. ज्वारीच्या पोत्यावर पाय ठेवला अन् बघता बघता वेटोळी गेली. नारूवालाच म्हणाला, "ह्यो नारू न्हाई, दादा." सुई गुंडाळून चहा पिऊन गेला. तेव्हापासून रोज पहाटे मी पट्टी बांधायला जात होतो. मुक्ता चहा ठेवून जायची, बोलायची नाही. कप मात्र माझाच आधी भरायची. जखम आता सुकली.

काल मामा म्हणाले, "पट्टी हितनं फुडं मुक्ता बांधंल. तू जूनला कालिजात जा. पास हून ये, मग तुज्या आबास्नी बोलणी करायला धाड."

आज तिला पट्टी बांधायला शिकवली. चुकीची शिकवावी असं दोनदा मनात आलं. पण बरोबरच शिकवली, अक्का.

तूही जरा पाय वर घेऊन बस. माया आहे तेवढीच असू दे, जास्तीची जूनला कॉलेजात गेल्यावर मागेन.
सोपान