दाराबाहेरून ऐकलेली आई

आई, आज वर्गात शिरूरच्या एका मुलीने हात वर केला. वेगवेगळ्या भाषांतली वाक्यं आतून कशी बांधलेली असतात, ते मी एम.ए.च्या मुलांना शिकवते. पुढच्या तासाला प्रत्येकाने घरच्या बोलीत कुठली वाक्यं चालतात, कुठली नाही, ते तपासून आणायचं आहे. ती म्हणाली, "मॅडम, आईला विचारलं तर चालेल का?"

मीही तुलाच विचारलं होतं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर, फरशीवर मामाने मांडवगणहून आणलेली मेथी पसरलेली. मी तेव्हा एम.ए. करत होते, मराठीत आणि तेलुगूत प्रश्न कसे विचारतात याची तुलना करत होते, म्हणून शेजारच्या तेलुगू मावशींनाही तू हाताला धरून आणून बसवलंस. मी कागदावरून वाचते, "कुणी कुणाला काय दिलं असं तुला वाटतं?" तू मेथीची काडी तशीच धरून विचारतेस, "आगं, कुणाचं काय हरीवलंय ते तरी सांग आधी." मावशी पदर तोंडाला लावतात. "पोरगी पोलिसात लागली काय तुमची?" मी समजावते, खऱ्याखोट्याचं नाही गं, असं कुणी बोलेल का एवढंच सांग. "बोलंल की. न बोलायला काय झालं?" प्रत्येक वाक्याला तू हेच म्हणत राहिलीस. नाही म्हटलं तर माझे मार्क जातील, असं तुला वाटत होतं.

मग तू कागदात डोकावलीस. "ह्या चांदण्या कशाच्या?" जे वाक्य कुणी बोलणारच नाही, त्याच्यापुढे चांदणी काढतात, मी म्हणाले. "म्हंजी चुकलेल्याला चांदणी? समदं उलटंच हाय तुमच्या कॉलेजात." आपण तिघी हसलो. मावशी गेल्यावर मात्र तू हळूच विचारलंस, "आन् हे तुझे पुण्याचे सर वाचणार व्हय?" हो म्हणाले मी, मोठ्या कौतुकाने. "बघ बाई. आपल्या बोलण्याला चांदणी पडाया नको."

दुसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे करत तू म्हणालीस, "साखर पुरेशी आहे का?" मला वाटलं, गंमत करतेस. "बातम्या देतेस का काय, आई?" तू हसली नाहीस. तेव्हापासून माझ्याशी तू तसंच छापील बोलत राहिलीस, फोनवरसुद्धा. "जेवलीस का गं, का नुसतीच वाचत बसलीस?" म्हणणारी तू, "जेवण झाले का?" विचारू लागलीस. एकेक शब्द जपून, पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखा. पूर्वीसारखं बोल ना, असं म्हटलं की तू आणखी जपायचीस. एकदा मीच आपल्या बोलीत बोलायला गेले, तर म्हणालीस, "एवढी शिकलीस आणि असं बोलतेस?" तुझं ते जुनं बोलणं पुढे कसं मागावं ते मला कळलं नाही. किती भाषांमधले प्रश्न मी अभ्यासले, पण हा एक तुला नीट विचारता आला नाही.

शेवटी तू शिरूरच्या दवाखान्यात होतीस. खोलीचं दार अर्धं उघडं. आत तू मामीला सांगत होतीस, "उशी जरा सरकीव गं वैनी. आन् त्या मांजरीला दूध घालतीस का न्हाई? लई मानी हाय, घर सोडून जाईल ती." मामी म्हणाली, "गप पडा की वन्सं. मांजर तुमच्यापरीस जाड झालीया." तू हसलीस, खोकलीस, पुन्हा हसलीस. मग मी आत आले. तू पदर सारखा केलास. "प्रवास ठीक झाला ना? उशीर झाला तुला." मी म्हणाले, एस.टी. रखडली. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. त्यानंतर आपलं बोलणं झालंच नाही.

त्या मुलीला मी आज सांगितलं, आईला काही विचारू नकोस. तिच्याबरोबर भाजी निवडायला बस, कागद नेऊ नकोस. तिने तेही लिहून घेतलं.

हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणून सांगते. एस.टी. वेळेवर आली होती, आई. तू बोलत राहावीस म्हणून मी दाराबाहेर उभी होते.