नव्या जहाजावर कोण?

३ मार्च
आज पुन्हा तेच केलं! आमचे नवरोबा गस्तीच्या बोटीवर, मी किनारा केंद्राच्या वायरलेसवर. "केंद्र, आम्ही दीपगृहाच्या उत्तरेला आहोत." मी म्हटलं, "परत सांगा, ऐकू आलं नाही." स्वच्छ आलं होतं! पण एकदा ऐकून भागत नाही, काय करणार. शेजारचा टेहळणीवाला गालातल्या गालात हसतो. हसू दे मेल्याला.

५ मार्च
बोट महिनाअखेरीस निवृत्त. साहेबांनी निरोपाचं भाषण वाचून दाखवलं – बोटीने आधी चोरटा माल पकडला, मग मच्छीमारांची भांडणं सोडवली, आता बुडत्यांना काढते. आणि आमचं केंद्र म्हणजे सुरुवातीला एक दुर्बीण नि दोन झेंडे! निम्मी खोली पेंगत होती. मी मात्र शेवटच्या पानापर्यंत जागी. माझा संसार त्याच बोटीवर आहे ना!

६ मार्च
नवरोबांपुढे दोन वाटा – नवं मोठं जहाज, नाहीतर केंद्रात माझ्या शेजारची खुर्ची. जहाज एकदा गेलं की महिनोन् महिने पत्ता नाही.
"तुला काय वाटतं?"
"मला काय वाटायचंय? तुमचं तुम्ही बघा."
वाटतं की! पुरे झालं, या घरी, असं ओरडावंसं वाटतं. पण मग जन्मभर ऐकवतील – तुझ्यामुळे जहाज सुटलं.

९ मार्च
थोरलीचा फोन. आमच्याच खात्यात तिचं प्रशिक्षण संपत आलंय. कोठारात नेमणूक होईल म्हणते, म्हणजे जमिनीवर. घरात एक तरी शहाणं निघालं! मग बापाशी कितीतरी वेळ कुजबुज. मी जवळ गेले की नवरोबा एकदम हवापाण्यावर.

१४ मार्च
"किनारा घेतला," म्हणाले. चहा ढवळता ढवळता, जणू भाजी आणली! मी नुसतं "बरं" म्हटलं. मग न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. बाहेर येऊन म्हटलं, घरात हुकूम माझाच चालेल हं. सलाम ठोकला लबाडाने. इतका आनंद कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

१५ मार्च
नेमणुका लागल्या. थोरली नव्या जहाजावर. कोठार नकोच होतं तिला, हे बापाला ठाऊक होतं. एका घरातली दोघं एका जहाजावर ठेवत नाहीत – म्हणून हे उतरले.
एक माणूस समुद्रावरून घरी यावं, एवढंच मी मागत होते. आलं.