बटण चालू ठेवायची परवानगी

बाबा, तुमच्या नातीला काल मुलगी झाली आणि तेव्हा मी पुण्यात तिच्या उशाशी होते, हे आधी सांगते. तुमच्यामुळे ते हुकता हुकता राहिलं, हेही सांगते.

मी मोजणीचे नकाशे काढते. त्याचा कॉम्प्युटर वर्ध्याला, तुमच्या खोलीत आहे. निघताना मी तो झोपवून आले होते. लांबून इशारा पाठवला की तो जागा होतो आणि इथे बसून काम करता येतं. परवा संध्याकाळपर्यंत एक नकाशा द्यायचाच होता, नाहीतर रात्रीच्या गाडीने परत जाणं आलं. लेक माझा हात सोडायला तयार नव्हती. मी सकाळपासून इशारे पाठवते आहे आणि कॉम्प्युटर ढिम्म. घरचा राउटर चालू होता, कारण आईच्या मालिका त्याच्यावर चालतात. जावयाने सगळ्या सेटिंगा तपासल्या, सगळं ठीक. शेवटी आईला फोन लावला. "आई, मशीनच्या मागं तार जाते, तिथं हिरवा दिवा दिसते का?"

"कसा दिसन? भिंतीवरचं बटन तर तू गेली तवाच बंद केलं म्या."

"काऊन पण?"

"काऊन म्हंजे? रिकाम्या मशीनले लाईट कायले? तुह्या बाबाचा नेम हाय थो."

इतका वेळ रडकुंडीला आलेली मी हसत सुटले. "खोलीत मानूस नाई, मंग पंखा कोनाले वारा घालून राह्यला?" हे तुमचं वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. एकदा केळझरच्या गणपतीला निघालो, तर सेलूच्या स्टँडवर तुम्हाला इस्त्री आठवली. तुम्ही उतरून उलट्या बसने घरी. आम्ही देवळात डबा उघडून बसलेलो, आणि तुम्ही घामाघूम येऊन ऐटीत सांगता, "बंदच होतं." आई तेव्हा केवढी चिडली होती! तुम्ही गेल्यापासून आता तीच तुमचं राज्य चालवते.

मशीनला ती हात लावत नाही, भिंतीवरच्या बटणांवर मात्र तिची सत्ता. तिने बटण दाबलं, मागे हिरवा दिवा लागला, मी पुण्यातून इशारा पाठवला आणि फोनमध्ये ती ओरडली, "उठला माय, उठला!" नकाशा वेळेत गेला. मी राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमची पणती माझ्या हातात होती. फार हलकी आहे, बाबा, आणि आवाज मात्र खणखणीत.

आता महिनाभर इथून काम करायचं, म्हणून आईला म्हटलं, ते बटण चालूच राहू दे. ती म्हणाली, "ठेवीन, पन पह्यले त्याईले सांग." म्हणून लिहायला बसले. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता उरला नाही, ते मलाही कळतं. आईला तर मी मघाशीच फोनवर सांगून मोकळी झाले, बाबा हो म्हणाले. तिने विचारलं, "लगेच म्हनले?" मी म्हटलं, "नाई, आधी चिडले." तेव्हा कुठे तिला खरं वाटलं.