दारातून गेलेली सीमा

माय, तुझा रस्ता आता सीमा झाला आहे. महानगरपालिकेच्या निवडणुकीसाठी शहराचे प्रभाग नव्याने पाडले आणि नकाशावरची रेघ नेमकी आपल्या दारासमोरून गेली. आपली बाजू एका प्रभागात, समोरची बाजू आणि विहार दुसऱ्यात. सकाळी दार उघडते तेव्हा मी इकडची असते, आणि चपला घालून वंदनेला निघाले की तिकडची होते. मधे काही नाही, तोच तुझा सिमेंटचा रस्ता, त्यावर कुणीतरी वाळत घातलेले गहू आणि उन्हात पसरलेली दोन कुत्री. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. तुला वाचता येत नव्हतं हे निमित्त पुरेसं होतं. आज लिहिते आहे ते दमले आहे म्हणून. जिवंत माणसांना सांगून सांगून दमले, आता एक तू उरलीस.

तू होतीस तेव्हा हा रस्ता आधी गल्लीच होता. समोरून सायकल आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, एवढीशी. समोरच्या घरी वहिनी नुकतीच लग्न होऊन आली होती, पहिलटकरीण. भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि ऑटो उभा होता पार मोठ्या रस्त्याला. माणसांनी तिला बाजेवर घातलं आणि निघाले. गल्लीच्या वळणावर बाज अडकली. तिरपी करावी लागली, वहिनी किंचाळत होती, आणि मी दारात उभी राहून बघत होते. दवाखान्यात पोचेपर्यंत पोर गेलं होतं. तू संध्याकाळी कळमन्याच्या मिरची बाजारातून आलीस, दिवसभर मिरचीची देठं खुडून. तुझे हात तेव्हा नेहमी पेटलेले असायचे. आल्या आल्या तेल चोळून धुतल्याशिवाय तू आम्हाला हात लावत नव्हतीस. त्या दिवशी तू हात न धुताच तिच्या उशाशी जाऊन बसलीस, दोन्ही हात पदरात गुंडाळून, चुकून तिला लागू नयेत म्हणून. मला तुझा तो पदरात गुंडाळलेला हातांचा गोळा अजून दिसतो.

मग रस्ता मागायला तुमच्या पालिकेच्या कचेरीत वाऱ्या सुरू झाल्या. मिरचीवरच्या सगळ्या बाया खाडा करून जायच्या आणि तोंड पाडून परत यायच्या. शेवटी एका साहेबाने स्पष्टच सांगितलं की रस्ता करायला जागाच नाही, घरं पाडावी लागतील, आणि तुमच्यातलं कोण पाडू देणार आहे. तू घरी येऊन पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "साहेब बराबर बोलला. जागा नाई. मंग जागा करू." पुढच्या रविवारी तू लोखंडी सब्बल घेऊन आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतीला भिडलीस. शेजारच्या बाया धावत आल्या, म्हणाल्या, येडी झाली काय. तू म्हणालीस, "आदी माही भिंत, मंग लोकायले सांगणं." मी तेव्हा कॉलेजात जात होते आणि मला मैत्रिणींची लाज वाटत होती. अर्धं स्वयंपाकघर गेलं, चूल भिंतीला टेकली, बसायला जागा उरली नाही. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "आता आमी जेवाले बसायचं कुठं?" तू वर न बघता विटा गोळा करत म्हणालीस, "रस्त्यावर बस. तो बी आपलाच हाये. कॉलेजात जाऊन इतकं बी समजत नाई तुले?" त्या बोलण्याचा मला फार राग आला होता. पण उन्हाळ्यात संध्याकाळी आपण खरंच रस्त्याच्या कडेला ताटं घेऊन बसायचो, समोरचेही बसायचे, आणि भाजी रस्ता ओलांडून इकडची तिकडे जायची.

तुझ्यानंतर एकेकाने आपापल्या घराची दर्शनी बाजू मागे घेतली. काहींनी शिव्या देत घेतली, पण घेतली. पालिकेने नंतर सिमेंट ओतलं, त्यावर फीत कापली, फोटो काढले. नकाशा मात्र कुणी बदलला नाही. जागा कुणी ताब्यात घेतली नव्हती, लोकांनीच सोडली होती, त्यामुळे कागदावर गल्ली ती गल्लीच राहिली. वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ऑटो तिच्या दारात येऊन उभा राहिला. त्या खेपेचा मुलगा आता वकील आहे. मला आत्या म्हणतो. डोक्याने तल्लख आहे, फक्त चहात साखर फार घेतो.

नव्या रचनेचा मसुदा लागला तेव्हा तोच धावत आला. तुला समजेल असं सांगते. पूर्वी आपली अख्खी वस्ती एका जागी होती, म्हणून आपल्यातलं माणूस निवडून जायचं. मतदानाच्या दिवशी तू काय करायचीस, आठव. बाया पहाटे न्हाऊन पांढरी लुगडी नेसायच्या, विहारात पंचशील म्हणायच्या आणि तिथून एका रांगेत शाळेतल्या बूथवर जायच्या, तू सगळ्यात पुढे. त्या दिवशी मिरचीची मजुरी बुडायची, पण कुणी कुरकुर केली नाही. एकदा तर तुझ्याच मिरचीच्या ढिगावर बसणारी बाई नगरसेविका झाली आणि आपल्याकडे गटाराची लाइन आली. आता प्रभाग मोठे झालेत, एकेकात चारचार नगरसेवक. चार जण निवडून येतात म्हणजे आपल्या दारात कोणीच येत नाही. त्यात वस्तीचे दोन तुकडे करून एक ह्या मोठ्या प्रभागाला जोडला, दुसरा त्या प्रभागाला. दोन्हीकडे आपण शेपूट. आपल्या माणसाला तिकीट द्यायचीसुद्धा आता कुणाला गरज नाही.

वकील म्हणाला, "आत्या, आमची वस्ती एक हाये, आमाले तोडू नका, हे सगळेच सांगतात. त्यानं काई होत नाई. आपला मुद्दा एकच. सीमा न्यायची तं मोठ्या रस्त्यावरून, नाल्यावरून, रुळावरून. आपल्या इथं त्याइच्याच नकाशात गल्ली लिहून हाये. वस्तीतल्या गल्लीतून सीमा नेता येत नाई." मुद्दा बिनतोड होता. मी मान डोलावली. वस्तीत अर्ज फिरला, लोकांनी सह्या केल्या, आणि सुनावणीत बोलायचं माझ्यावर आलं, कारण घर आपलं जुनं आणि मी नोकरीत साहेबांशी बोलून निर्ढावलेली. महिनाभर मी घरोघर हेच सांगत फिरले. सांगताना जीभ जरा अडखळायची, पण पुढच्या घरी जायची घाई असायची.

सुनावणीच्या दिवशी सगळ्या शहरातून माणसं आली होती. कुणाचा मोहल्ला तोडला, कुणाचं गाव पलीकडे टाकलं. बाकड्यांवर बसून सगळे एकमेकांना आपापली रड सांगत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. आमचा पुकारा झाला तोवर जेवणाची वेळ उलटून गेली होती. समोरचा अधिकारी वाईट नव्हता, माय. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने खुर्ची दिली, पाणी विचारलं, नकाशा पुढे ओढून नीट पाहिला आणि म्हणाला, "इथे गल्ली दाखवली आहे खरी." वकिलाने टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला. मग त्या माणसाने चष्मा काढला आणि साधेपणाने विचारलं, "आजी, तुम्ही तिथेच राहता ना? गाडी जाते का हो तिथून?"

नाही जात, एवढंच म्हणायचं होतं. घरी आरशापुढे म्हणून पाहिलं होतं, वकिलासमोर म्हणून दाखवलं होतं. आणि मला तुझी भिंत दिसली. सब्बल मारताना तुझ्या केसांत उडालेली माती दिसली. मी म्हणाले, "जाते ना साहेब. काहून नाई जाणार? रुग्णवाहिका दारापर्यंत येते. समोरासमोर दोन गाड्या निघतात. नकाशात काईबी लिहून असू द्या, गल्ली नाई ती. रस्ता हाये. माझ्या आईनं सैपाकाची भिंत पाडून केलेला रस्ता हाये."

तो माणूस हसला, चांगलं हसला, आणि म्हणाला, "वा." मग त्याने काहीतरी लिहिलं. वकिलाने फाइल मिटली. मी सावरायला गेले, सांगितलं की बुद्धपौर्णिमेची खीर ह्याच रस्त्यावर शिजते, दोन्ही बाजूंची पंगत इथेच बसते, हा रस्ता आम्हाला जोडतो, तोडत नाही. तो म्हणाला, "समजलं, आजी," आणि पुढच्यांना बोलावलं. त्याला समजलंही असेल. समजल्याने रेघ हलत नाही.

बाहेर पडून आम्ही सीताबर्डीत एका ठेल्यावर चहा घेतला. वकिलाने कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाला, "तसं बी त्याइचं ठरलंच असंन, आत्या." मी म्हटलं, मला समजावू नको, तुझा मुद्दा चांगला होता. तो म्हणाला, "हो, चांगला होता." एवढंच. चिडला असता तर मीही चिडले असते आणि मोकळी झाले असते. परतताना मेट्रोत तो उभा आणि मी बसलेली, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मनात म्हटलं, ह्याच्या जन्माच्या वेळी ऑटो दारात आला तोही ह्याच रस्त्याने. पण हे त्याला बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं. कदाचित त्यालाही तेच आठवत असेल.

संध्याकाळी वहिनी आली. आता तिचे गुडघे धरलेत, रस्ता ओलांडायला तिला वेळ लागतो. मी खिडकीतून तिला येताना पाहिलं आणि वाटलं, आता ही सगळ्या वस्तीच्या वतीने सुनावणार. तिने बेसनाच्या चुनाची वाटी ओट्यावर ठेवली, अजून गरम होतं. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोरानं सांगतलं मले." मी वाटी जवळ ओढली. ती म्हणाली, "गल्ली म्हणली असती तं तुह्या दारात पाय ठेवला नसता मी." आणि वाटी परत दे म्हणून बजावून निघून गेली. त्या रात्री मला झोप लागली. त्याआधी बरेच दिवस लागली नव्हती.

पण झोप लागण्याने काय होतं. अंतिम रचना लागली, रेघ होती तिथेच राहिली. मतदानाच्या दिवशी आम्ही बाया विहारात जमलो, पूर्वीच्या निम्म्याही नसतील. पोरी ऑफिसातून येऊन परस्पर मत देतात आता. पंचशील झालं, रांग निघाली आणि रस्त्यावर येताच दोन झाली. त्यांचं केंद्र त्या टोकाला, आमचं ह्या टोकाला. क्षणभर सगळ्या तिथेच घोटाळल्या, काय करायचं कुणालाच सुचेना. मग वहिनी म्हणाली, "जा वं बाई, ऊन होईन," आणि आम्ही परगावी निघाल्यासारख्या एकमेकींचा निरोप घेतला. निवडून आलेल्या चौघांत आपल्या वस्तीतलं कुणी नाही. तिकडच्या चौघांतही नाही.

आता गटाराचं चेंबर तुझ्या रस्त्याच्या बरोबर मधे आहे. ते भरलं की घाण दोन्हीकडच्या दारांत येते, तिला सीमा समजत नाही. इकडच्या नगरसेवकाला फोन केला तर तो म्हणतो ते तिकडच्या प्रभागात येतं, तिकडचा म्हणतो इकडच्या. परवा पुन्हा भरलं. मी नाकाला पदर लावून खिडकीत उभी होते, आणि तेवढ्यात वहिनीच्या नातवंडांची शाळेची व्हॅन त्या पाण्यातून थेट दारापर्यंत आली. पोरं कोरड्या पायांनी घरात गेली. मी फोन घेऊन पुन्हा इकडच्याला लावला, त्याने उचलला नाही.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. म्हणाली असतीस, मंग आता काय पाडू, ते सांग. मला तेच ऐकायचं नाही. पाडायला माझ्याकडे भिंत उरली नाही आणि सब्बल उचलायला हात. म्हणून हे पत्र तुला पोचणार नाही ते बरंच आहे. वस्तीत सगळ्यांना मी ताठ मानेने सांगते की त्या दिवशी बोलले त्याचा मला पश्चात्ताप नाही. तुला सांगते, चेंबर भरलं की होतो. उपसलं की जातो.