कोरडा पेटवलेला बंब

रविवार, १३ जानेवारी १९९१. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटे. नखांतली काजळी टाचणीने काढत बसलो आहे.

सकाळी फार गारठा होता. नळाला पाणी येईपर्यंत निखारे तयार होतील, म्हणून मी रिकामा बंबच पेटवला. बंबाचे सांधे जोडणारा डाख वितळला. नंतर ओतलेले पाणी सगळे राखेत.

दुरुस्तीला बोलावलेला तांबट म्हणाला, "कोरडाच पेटवलाय कुणीतरी."

आई वहिनीवर घसरली. "माहेरी बंब पाहिला नव्हतास का गं?"

मी काजळीचे हात पाठीमागे धरले. वहिनीने ते पाहिले. स्टोव्ह पेटवायला वळली.

मग स्टोव्हवर पाणी तापवून तिनेच हाक मारली, "भाऊजी, तुमचं आधी काढलंय." मी आंघोळ केली. ती शेवटी गेली, तोवर रॉकेल संपले होते. गार पाणीच घेतले तिने.

आईला अजून सांगितलेले नाही.