तिसऱ्या पानाशी थांबलेली पेन्सिल

पागो पागो,
१२ जुलै १९९३

ती. रूताताईस,
फुआतिनोचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू नर्सिंगचं नाव काढलंस तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. कॉलेजची चाचणी दिली, आणि निकाल शुक्रवारी फळ्यावर लागला. इंग्रजीत मी पहिल्या पायरीवर! चार पायऱ्यांतली सगळ्यांत खालची. नर्सिंगच्या शरीरशास्त्राच्या वर्गात नाव घालायला तिसरी लागते. एकेक पायरी चढायची म्हणजे दरवेळी सहा महिने, आणि नर्सिंगचा वर्ग दोन वर्षांतून एकदाच भरतो. तो यंदा भरतोय. हा चुकला की ९५ साल. तोवर कारखान्यात मासे कापून माझी बोटं शिल्लक राहतील का, ते तूच सांग. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही गं.

आईच्या पायाची जखम दोन वर्षं मी धुतली. आठवड्यातून एकदा येणारी नर्स म्हणायची, फुआ, तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे, तू शिक. तेच डोक्यात बसलंय, आणि आता ते निघत नाही.

आता रागावू नकोस. पेपर मला येत होता. पण माझ्या शेजारच्या बाकावर आपल्या पाद्रीणबाई बसल्या होत्या. हो, एपेनेसाबाईच! त्यांना शाळेत शिकवण्याचं प्रमाणपत्र हवंय. तिसऱ्या पानाशी त्यांची पेन्सिल थांबली, ती थांबलीच. निकाल फळ्यावर लागतो, नावानिशी. अख्खं गाव वाचणार, माझं नाव वर आणि त्यांचं खाली. मग मीही थांबले. दुसरं काय करणार होते?

फोन करू नकोस. फोन दुकानात आहे, आणि तिथं पाच माणसं कान देऊन बसलेली असतात. पत्रच लिही, पण लवकर. तुझी माया आहेच, ती या मूर्ख बहिणीवर जरा जास्त असू दे.

तुझी,
फुआ


कार्सन, कॅलिफोर्निया,
२० जुलै १९९३

चि. फुआस,
अनेक आशीर्वाद, आणि त्याबरोबर पाठीत एक धपाटा.

अगं, चाचणी म्हणजे काय रविवारचं जेवण आहे का, की पाद्रीणबाईंनी घास घेतल्याशिवाय आपण हात लावायचा नाही? मी सहा वर्षं कॉलेजच्या खिडकीत बसून पोरांची नावं नोंदवतेय. झोपलेले पाहिले, रडणारे पाहिले, चुलतभावाला बसवून पेपर लिहून घेणारेही पाहिले. पण येत असून मुद्दाम थांबलेली तू पहिलीच!

आता नीट ऐक. फेरचाचणी मिळते. प्रत्येक कॉलेजात तसा नियम असतो, तुमच्याकडेही असणार. एकदाच मिळते, ती नावनोंदणीच्या आधी द्यावी लागते, आणि सल्लागाराची सही लागते. कारण लेखी द्यायचं. ‘मला वाटतं मी हुशार आहे’ हे कारण चालत नाही. उद्याच्या उद्या जा. डोकं दुखत होतं म्हणून लिही, चक्कर आली म्हणून लिही, काहीही लिही पण लिही. तुमची नोंदणी १८ ऑगस्टला आहे ना? मग दिवस मोज.

तू आईची जखम धुवत होतीस तेव्हा मी इथे होते. ते मी विसरलेले नाही. म्हणून तुझ्यापेक्षा मलाच जास्त घाई आहे, समजलं?

सेफोला विचारलं म्हणून सांग. नवरा म्हणून तो काय करतोय? बायकोला बसमध्ये बसवून कॉलेजात धाडायला त्याला काय होतं?

आशीर्वाद आहेतच. उत्तराला उशीर केलास तर ते परत घेईन.

तुझी,
रूता


पागो पागो,
२८ जुलै १९९३

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

गेले बाई, गेले. सेफोनंच नेलं. सल्लागार लेउताबाई चांगल्या आहेत, त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि फॉर्म दिला. त्यात कारणांचे रकाने छापलेत. एक आजारपणाचा, त्याला डॉक्टरचा दाखला हवा. दुसरा घरात मयत झाली असेल तर. तिसरा परीक्षेच्या खोलीत व्यत्यय आला असेल तर, त्याला खोलीतल्या दुसऱ्या कुणाची सही लागते. चौथा रकानाच नाही.

मी ‘डोकं दुखत होतं’ असं लिहिलं आणि खोडलं. दाखला कुठून आणू? आणि खोटं लिहून नर्स व्हायचं म्हणजे काय गं ते? लेउताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि शेजारी कोण बसलं होतं म्हणून विचारलं. त्यांना कळलं असणार, त्याही इथल्याच. त्यांनी फॉर्म घडी करून माझ्या हातात दिला आणि १३ ऑगस्टच्या शुक्रवारपर्यंत आण म्हणाल्या.

तो फॉर्म मी बायबलमध्ये ठेवलाय. मग वाटलं, तिथं नको, म्हणून साखरेच्या डब्यामागे ठेवला. दिवसातून चारदा काढून बघते. कारखान्यात परवा अंगठ्याला सुरी लागली, लक्षच नव्हतं. रविवारी चर्चमध्ये पाद्रीणबाई माझ्याकडे बघून हसल्या. पहिल्या पायरीवर आपण दोघी बरोबर असणार, बरं झालं, म्हणाल्या. मी पण हसले. घरी येऊन तारोचे कंद सोलताना रडले.

ताई, तुझ्या पाया पडते, त्यांना यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय. हे वर्ष गेलं तर जाऊ दे. असं लिहिते खरी, आणि लगेच उठून तो फॉर्म पुन्हा बघते.

तुझ्या मायेवर जगणारी,
फुआ


पागो पागो,
९ ऑगस्ट १९९३

चि. सौ. रूतास,
एपेनेसाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं ३ तारखेचं पत्र आज मिळालं. एका पाद्रीणबाईला असं पत्र लिहिणारी मुलगी या गावात दुसरी नाही. तुझी आई असती तर तिनं तुला चिमटा काढला असता, आणि मग घराच्या मागं जाऊन हसली असती. मी ओळखत होते तिला.

फुआ माझ्यासाठी मुद्दाम थांबली हे वाचून आधी मला राग आला. तुझा नव्हे, त्या पोरीचा. माझ्यावर दया करते म्हणजे काय? मग शरम वाटली. तुला एक सांगते, ते पाद्रीबुवांनासुद्धा माहीत नाही. तिसऱ्या पानापासून अक्षर बारीक होतं, ते मला दिसेना. चष्मा लागलाय, पण घालत नाही. चर्चमध्ये समोरच्या बाकांवरून बायका बघतात ना! पेन्सिल धरून विचार करतेय असं दाखवत तासभर बसले. शेजारी फुआची पेन्सिल थांबलेली मी पाहिली होती गं. मला वाटलं, तिलाही येत नाही. बरं वाटलं मला तेव्हा. देव मला क्षमा करो.

पत्र ठेवलं आणि तशीच तिच्या घरी गेले. ती चटईवरून धडपडत उठली. मी फॉर्म मागितला. नाही म्हणायची तिची काय टाप! साखरेच्या डब्यामागून काढून दिला. व्यत्ययाच्या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलं की परीक्षेच्या खोलीत व्यत्यय होता, आणि तो व्यत्यय मी. खाली सही केली, गावाच्या नावासकट. ती रडायला लागली, तेव्हा मी ओरडले. मग मीही रडले.

माझी फेरचाचणी मात्र नको. दिसलं असतं तरी पुढचं फारसं आलं नसतं, हे मला माहीत आहे. पहिल्या पायरीपासून शिकेन. तिथं वाचायचा चष्मा चांगला मिळतो म्हणतात, तर एक पाठव. काळा नको, जरा बरा दिसणारा बघ.

घरच्या प्रार्थनेत तुझं नाव घेते. तुझ्या जिभेसाठी वेगळी प्रार्थना करते.

तुझी,
एपेनेसा


पागो पागो,
२१ ऑगस्ट १९९३

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तू शब्द मोडलास! म्हणजे दिला नव्हतास, पण मोडलास. महिनाभर बोलणार नव्हते तुझ्याशी. पण सांगायला दुसरं आहे कोण?

फॉर्म दिला आणि १३ तारखेच्या शुक्रवारी फेरचाचणी झाली. पाद्रीणबाई बाहेर व्हरांड्यात हातपंख्यानं वारा घेत बसून राहिल्या, दीड तास. तिसरं पान आलं तेव्हा माझा हात आपोआप थांबला, सवयीनं. मग पंख्याचा आवाज ऐकू आला आणि सुटले. तिसरी पायरी मिळाली, ताई!

पण खरी परीक्षा बुधवारी झाली. नोंदणी व्यायामशाळेत होती. टेबलांवर एकेका वर्गाची पेटी, पेटीत जागा तितकी कार्डं, कार्ड संपलं की वर्ग बंद. शरीरशास्त्राच्या पेटीवरची मुलगी मोठ्यानं आकडा सांगत होती. माझ्यापुढे आठ जणी, आणि तिनं अकरा म्हटलं. तेवढ्यात पाद्रीणबाई आल्या. झालं! रांग फुटली. जी ती बाजूला होऊन त्यांना पुढं या म्हणायला लागली, मीही सरकले. मागच्या तीन पोरी कुठल्या कुठल्या गावच्या, त्यांना काय त्याचं, त्या माझ्या जागेत घुसल्या. आकडा आठवर आला.

पाद्रीणबाई पुढं गेल्याच नाहीत. त्यांना त्या पेटीतलं काही नकोच होतं. त्यांनी त्या तीन पोरींकडे नुसतं बघितलं, पोरी मागं गेल्या. मग मला दंडाला धरून माझ्या जागी उभं केलं आणि स्वतः माझ्यामागं उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढं जायची कुणाची छाती होणार?

ताई, जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते. मानेवर चटका बसल्यासारखं होत होतं. आकडा पाच, चार. दोनदा वळून मी वाकले, मला जमत नाही म्हणाले. दोन्ही वेळा त्यांनी पंख्याच्या दांडीनं खांद्यावर टोचलं आणि म्हणाल्या, पुढं बघ. तीन आकडा ऐकला तेव्हा त्यांनी पाठीवर तळहात ठेवला आणि ढकललं मला, चांगलं जोरात.

कार्ड घेतलं. दोन उरली.

तुझी माया आहे, आणि तुझी जीभही आहे. दोन्ही अशाच राहू देत.

तुझी,
फुआ

ता. क. चष्मा लवकर पाठव. त्यांचा वर्ग सोमवारपासून आहे, आणि पहिल्या बाकावर बसणार म्हणतात.